ताप आहे, आणि आई गेली

सांवेर रोडच्या आमच्या कारखान्याने मला नवीन मशीन शिकायला दोन आठवडे जर्मनीला पाठवलं होतं. नवव्या दिवशी सकाळी इंदूरहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आई गेली. झोपेतच. तू परेशान नको होऊ, आम्ही सगळे आहोत इथे."

तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं. मला रडू आलं नाही. मी बूट घातले, मोजे राहिले म्हणून काढले, पुन्हा घातले. तेव्हा लक्षात आलं, अंगात ताप आहे. कणकण दोन दिवसांपासूनच होती.

हॉटेलशेजारच्या दुकानात तापाच्या गोळ्या ठेवत नाहीत. तिथल्या माणसाने हातानेच कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान दाखवलं. इंदूरला आमच्या छत्रीबागेत "भिया, बुखार की गोली दे दो" म्हटलं की काम होतं. इथे काउंटरमागच्या साठीतल्या बाईने इंग्रजीत चौकशी सुरू केली.

"कोणासाठी हवी?"

"माझ्यासाठी."

"ताप कधीपासून?"

"दोन दिवस."

"दुसरं कुठलं औषध चालू आहे? आणखी काही त्रास?"

"आज सकाळी माझी आई वारली," मी म्हणालो. ज्या आवाजात ताप सांगितला, त्याच आवाजात. ते शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होतो.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग बाहेर आली, मला खुर्चीवर बसवलं. "काही खाल्लंय?" मी नकारार्थी मान हलवली. उपाशीपोटी ही गोळी घेऊ नका, म्हणाली, आणि आतून स्वतःच्या डब्यातला ब्रेड घेऊन आली. मी खाल्ला. चव कळली नाही. रांगेतली तीन माणसं तोवर थांबली. मी गोळी गिळली, थँक यू म्हणालो आणि निघालो. तिचा चेहरा आता आठवत नाही.

घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"गरमी फार होती दादा, बॉडी ठेवता आली नाही," भाऊ म्हणाला. तो नजर वर करत नव्हता.

"बरं केलंस," मी म्हणालो. खरोखरच मला राग आला नव्हता. काहीच आलं नव्हतं.

तेरावं झालं आणि मी कामावर गेलो. साहेबांनी विचारलं, ट्रेनिंग पूर्ण झालं का? मी म्हणालो, पाच दिवस राहिलेत.