रिजवरची वाकडी झाडं

“रिकामं करा म्हणजे? अहो, परवा आमच्या मानसीची हळद आहे!” सबनीसकाकू म्हणाल्या. “पाहुणे पुण्याहून निघालेसुद्धा!”

मी मान खाली घालून उभा. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला रिजच्या, म्हणजे इथल्या खडकाळ टेकडीच्या, उताराला टेकून ही बिल्डिंग. मागे अंगण, आणि अंगणाला लागून रिटेनिंग वॉल, म्हणजे टेकडीची माती अडवून धरणारी भिंत. त्या भिंतीला पोट आलं होतं. भिंत फुगून पुढे आली की आम्ही इंजिनिअर तसंच म्हणतो. तो शब्द माझ्यावरूनच निघाला असावा, असं बायको म्हणते. उतार घसरून बिल्डिंगवर येईल का, एवढंच सोसायटीला माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

माझी उमेदवारी कोकणातल्या घाटांत झाली. तिथला पहिला धडा: झाडं बघा. माती हळूहळू सरकत असेल तर झाडं कलतात, खोडं बुंध्याशी वाकतात. मी भिंतीवर चढून वर पाहिलं. एक झाड सरळ असेल तर शपथ! फोटो काढले, ‘अर्जंट’ लिहून बॉसला पाठवले आणि सबनीसांसकट सगळ्यांना बिल्डिंग सोडायला सांगून मोकळा झालो.

“मराठी इंजिनिअर येतोय म्हणून पोहे करायला सांगितले होते,” सबनीसकाका खिन्नपणे म्हणाले. पोहे काही बाहेर आले नाहीत.

थोड्याच वेळात माझ्या बॉस अरोरा मॅडम हजर. जन्म दिल्लीचा, आवाजही. त्यांनी भिंत बघितली, झाडं बघितली, मग बराच वेळ मला बघितलं.

“चलो, ज़रा घूमके आते हैं.”

रस्त्यापलीकडे पार्क होतं. कॅरमबोर्डासारखं सपाट.

“यहाँ ढलान है?”

“नहीं, मॅडम.”

“और ये पेड़?”

पार्कातली झाडंही तशीच. एक तर कोपरावर रेलून टीव्ही बघत असल्यासारखं.

“विलायती कीकर है, यार! सीधा कभी देखा है? तेरे हिसाब से तो पूरी दिल्ली खिसक रही है!”

मी कित्येक वर्षं दिल्लीतल्या द्वारकेत राहतो. कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, रोज बघतो. पण ते नुसतं येता-जाता. इंजिनिअर म्हणून बघताना डोळे कोकणातलेच लावले होते.

मग पोट कशाने आलं? परत येऊन भिंतीच्या वर खणून पाहिलं. थोड्याशा मातीखाली रिजचा टणक खडक. सरकण्याएवढी मातीच नव्हती. म्हणजे भिंतीला ढकलत होतं ते मागे साठलेलं पाणी. ते निघून जावं म्हणून अशा भिंतीत भोकं ठेवतात, वीप होल. इथे एकही दिसेना. छान क्रीम रंग तेवढा दिसत होता.

“काका, इथे भोकं होती का हो?”

“होती ना. पाणी यायचं, डाग पडायचे. मानसीच्या साखरपुड्याच्या फोटोंत वाईट दिसतील म्हणून मीच बुजवून घेतली. का?”

“अहो, तुम्ही!” काकू ओरडल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यावर कोणी ओरडत नव्हतं. मला फार बरं वाटलं.

भोकं उघडायला ड्रिलवाला बोलावला. मी सगळ्यांना लांब पाठवलं, त्याला बाजूला उभं केलं आणि स्वतः रुबाबात भोकाच्या बरोबर समोर उभा राहिलो. पावसाळाभर कोंडलेलं गढूळ पाणी थेट माझ्या छातीवर आलं.

“इंजिनिअरकाका, तुमची हळद माझ्या आधी लागली!” मानसी गॅलरीतून खिदळली.

सगळी भोकं मोकळी केली. भिंतीवरच्या भेगांवर खुणा करून हळदीपर्यंत लक्ष ठेवलं. एकही वाढली नाही. आलेलं पोट काही आत जात नाही, त्यामुळे दुरुस्ती लग्नानंतर करायची ठरली आणि मांडव भिंतीपासून चांगला लांब घातला. हळद अंगणातच झाली. अरोरा मॅडम ढोलवाल्यालाही दमवून नाचल्या.

तेव्हापासून नव्या इंजिनिअरांना सांगतो: धोक्याची जागा बघून झाली की शेजारची बिनधोक जागाही बघून या. आणि भोक उघडताना समोर साहेबाला उभं करा.