मोटर त्याने बंद केली होती

माझ्या मेव्हण्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कळस गावच्या विहिरीवर गेली, ती त्याच्या निष्काळजीपणाने गेली नाहीत. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली. इंदापूर तालुक्यात ज्यांनी माझ्या तोंडून याच्या उलट ऐकलं आहे, त्यांनी निदान एवढं वाचावं. पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

बारामती एमआयडीसीत माझी एक शेड होती, आता मुलगा बघतो. आम्ही शेतातल्या पंपांचे मोबाइल स्टार्टर बनवायचो. विहिरीवर एक पेटी बसवायची, पेटीत सिमकार्ड. घरबसल्या फोनवरून मोटर चालू करायची, बंद करायची. ‘ऑटो’वर ठेवली की लाइट आल्यावर मोटर आपोआप सुरू व्हायची. शेतीची लाइट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे आमची पेटी चांगली खपली.

पहिल्या पहिल्या पेट्यांतली एक मी हौसेने मेव्हण्याच्या विहिरीवर बसवली. विहीर भावकीची, सामाईक. पाणी पाळीने घ्यायचं. मेव्हणा हाताचा कसबी माणूस. पंप असो, कडबाकुट्टी असो, गावात काही बंद पडलं की आधी त्याला बोलावणं यायचं. एका सकाळी मोटर आणि पंप यांच्यामधल्या कपलिंगची रबरं बदलायची म्हणून तो विहिरीवर गेला. फोनवरून मोटर बंद केली, मग हात घातला. काम चालू असताना मोटर सुरू झाली.

दवाखान्यात तो एकच गोष्ट सांगत होता. “दाजी, मी बंद केलती. मेसेज बी आलता बंद झाल्याचा.”

मी माझ्या प्रोग्रॅमरला विचारलं. तो म्हणाला, सॉफ्टवेअर बरोबर आहे. मग मी सगळ्यांना तेच सांगितलं. भावकीतल्या कोणाचं तरी बोट चुकून फोनवर पडलं असेल, असंही कोणी म्हणालं, पण प्रत्येकाने नाही म्हटल्यावर उरला तो एकटाच. त्याने बंद केली असं त्याला वाटलं असेल, असं मी म्हणालो. फार समजूतदारपणे म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं झालं असतं. पण इंदापूरला, निमगावला, कुठं कुठं शेतकऱ्यांपुढं पेटीचं प्रात्यक्षिक दाखवताना मी त्याची गोष्ट सांगू लागलो. नाव न घेता. “कळसच्या एका पाहुण्यासारखं करू नका. मोटर बंद झाल्याची खात्री करा.” लोक हसायचे. नाव घ्यायची गरजच नव्हती, तालुका केवढासा! हळूहळू मेव्हण्याला बोलावणी येणं थांबलं. आठ बोटांनीही त्याचं काम चाललं असतं, पण बोटं गमावलेल्या बेफिकीर माणसाच्या ताब्यात मशिन कोण देणार?

पुढं एका मोठ्या कंपनीला आमच्या पेट्या त्यांच्या नावाने विकायच्या होत्या. त्यांनी अट घातली, आधी सुरक्षिततेच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या. अशी तज्ज्ञ मंडळी असतात हेच मला नवं होतं. पुण्याहून एक मॅडम आल्या. रेल्वेच्या सिग्नलची, दवाखान्यातल्या यंत्रांची कामं केलेल्या. मला वाटलं, संगणक उघडून बसतील आणि दोन दिवसांत शिक्का मारून जातील. त्यांनी संगणक उघडलाच नाही. म्हणाल्या, “काका, आधी मला एक विहीर दाखवा.”

काटेवाडीच्या बाजूला एका गिऱ्हाइकाच्या विहिरीवर नेलं. त्या शेतकऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न, “ही मोटर कोणाकोणाच्या फोनवरून चालू होते?”

“माझ्या. थोरल्याच्या. पुतण्या पुण्याला असतो, त्याच्या बी.”

“आणि तुम्ही इथं काम करताना पुण्याच्या पुतण्याला कसं कळतं?”

“त्याला कशाला कळायला पायजे?” असं म्हणून तो स्वतःच थबकला. मग माझ्याकडं बघू लागला.

मॅडमनी विचारलं, काम करताना पेटीतला फ्यूज का काढत नाही? त्याने पेटीवरचं सील दाखवलं. सील तुटलं तर वॉरंटी संपली. ते सील मीच लावायला लावलं होतं, लोकांनी आत हात घालू नये म्हणून. “पेटीला हात लावू नका, सगळं फोनवर करा,” हे वाक्यही माझंच होतं.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, आजवर कधी अपघात झालाय का. मी मेव्हण्याचं सांगितलं, नेहमीसारखंच. त्यांनी ऐकून घेतलं.

“तेव्हा तुम्ही कोणाला विचारलंत?”

“प्रोग्रॅमरला.”

“आणि ज्यांची बोटं गेली त्यांना?”

“तो काय, म्हणत होता बंद केली होती.”

“मग आपण तेच खरं धरून बघू,” त्या म्हणाल्या.

शेडमध्ये आल्यावर मोटरच्या जागी त्यांनी एक बल्ब लावायला सांगितला. पेटी ऑटोवर. बल्ब पेटला. मी फोनवरून बंद केला. मोटर बंद झाल्याचा मेसेज आला. मग त्यांनी लाइट गेल्यासारखी पेटीची वायर काढली, थोडं थांबल्या आणि पुन्हा लावली. पेटीवरचा दिवा लुकलुकला. जरा वेळ काहीच झालं नाही. आणि बल्ब पेटला.



आमच्या पेटीला दोन आठवणी होत्या. एक लाइट गेली की पुसली जायची, दुसरी टिकायची. ‘ऑटो’ टिकणाऱ्या आठवणीत होता आणि फोनवरून दिलेला ‘बंद’ पुसल्या जाणाऱ्या आठवणीत. कळसला त्या सकाळी मध्येच लाइट जाऊन आली असणार. पेटीला जाग आली तेव्हा तिला फक्त ऑटो आठवत होता.

“म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं होतं,” मी म्हणालो. खरं तर त्यातही मी आधार शोधत होतो.

“नाही काका. ते त्याला सांगितलं तसंच वागलं. असं ठेवायला कोणी सांगितलं?”

मीच. लोकांची तक्रार होती, की कोणी मोटर बंद करून विसरला तर लाइट येऊनही पाळी वाया जाते. पाळी वाया गेली म्हणजे भावाभावांत भांडण. तेव्हा मी प्रोग्रॅमरला म्हणालो होतो, बंद केलेलं लक्षात ठेवू नकोस, लाइट आली की चालू कर. त्यावर मी खूशही होतो.

मॅडमनी पुढं जे सांगितलं त्यात अवघड काही नव्हतं. ‘बंद’ कायमचं लक्षात राहिलं पाहिजे. पेटीबाहेर हाताने फिरवायचा स्विच हवा, तो सॉफ्टवेअरला विचारणार नाही, सरळ लाइट तोडेल. त्याला कुलूप लावायला भोक हवं, ज्याचा हात पंपात त्याचंच कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. सुरू होण्याआधी भोंगा वाजला पाहिजे. मी म्हणालो, गिऱ्हाईक ऐकणार नाही. त्या म्हणाल्या, “ऐकणार नाही असं धरूनच आपण ते बनवायचं असतं.” रागावल्या नाहीत, शिकवण्याचा आव आणला नाही. त्यांच्यामुळे आज किती विहिरींवर किती हात शाबूत आहेत ते मोजता येणार नाही, आणि ज्यांचे शाबूत आहेत त्यांना ते कळणारही नाही. मला मात्र माहीत आहे.

जाताना त्या म्हणाल्या, “तुमच्या मेव्हण्यांना हे सांगा. अहवालात मी लिहीन, पण तो त्यांच्यापर्यंत जाणार नाही.”

मी हो म्हणालो. नव्या पेट्या तशा बनवल्या. जुन्या पेट्या मोफत सर्व्हिसिंगच्या नावाखाली बदलून घेतल्या, कळसचीसुद्धा. मेव्हण्याने नव्या पेटीवरचा स्विच फिरवून बघितला, काही विचारलं नाही. मीही बोललो नाही. मॅडमचा फोन आला, “काय म्हणाले ते?” मी म्हणालो, “काही नाही म्हणाले.” तेवढं मात्र खरंच होतं.

या उन्हाळ्यात त्यांचा पुन्हा फोन आला. नवीन इंजिनिअर शिकवायला घेतले होते. “तुमचे मेव्हणे त्यांच्याशी बोलतील का? ज्याला सिस्टीमने फसवलं त्याच्याकडून ऐकलेलं वेगळं असतं.” आता पळायला जागा नव्हती. घरात बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. “गाडी काढा,” एवढंच म्हणाली.

मेव्हणा धारा काढून नुकताच ओसरीवर आला होता. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, बल्बचं, दोन आठवणींचं, मीच दिलेल्या सूचनेचं. आधी माझी बायकोच बोलली, “मला का नाही सांगितलंस रे?”

“सांगितलतं की, अक्का. दवाखान्यात. तू म्हणालीस, दाजींनी बनवलंय ते, ते कशाला खोटं बोलतील?”

ती पदर तोंडाला लावून आत गेली.

मी माफी मागू लागलो तर त्याने अडवलं. “मला कशाला सांगताय दाजी? मला ठावंच हाय. हात माझा व्हता. ज्यांला उलटं सांगितलंय त्यांला सांगा. माझ्या सासुरवाडीपासनं सुरू करा. तितं मला अजून बल्ब बी बदलू देत न्हाईत.”

तो हसला. मला हसता आलं नाही.

पुण्याला तो जाऊन आला. मॅडम म्हणाल्या, पोरांनी त्याला जेवायलासुद्धा सोडलं नाही, इतके प्रश्न विचारले. त्याआधी मात्र आम्ही दोघं त्याच्या सासुरवाडीला गेलो. सासरे वयस्कर, पिठाची गिरणी आहे त्यांची. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. चहा आला, तो त्यांनी संपवला. मग जावयाकडं वळून म्हणाले, “पाव्हणं, गिरणीचा पट्टा चार दिवस झाले सारखा सुटतोय. जरा बघता का?”

मेव्हणा उठला. मी बसून राहिलो.