गजाभाऊंचा कोपरा

"कुणी टाकला हा फडका? कुणी टाकला?" मेहुणेसाहेब इंग्रजीतून ओरडत होते आणि आवाज असा, की कॅम्पातले एसी लाजून बंद पडावेत. रिंगच्या मधोमध लाल काठाचा एक पंचा पडला होता. तो कुणाचा, हे जमलेल्या तीन हजार माणसांना ठाऊक होतं. बरं, तीनशे असतील. पण शुक्रवारच्या त्या दुपारी घाम तीन हजारांचा होता. कोपऱ्यात गजाभाऊ रहाटे उघड्या खांद्यांनी उभे होते. जो पंचा त्यांच्या खांद्यावरून झोपेतही कधी उतरला नव्हता, तो आता बाळ्याच्या पायांशी होता. बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातल्या गुरूने पंचा टाकला की लढत संपली, त्याचा गडी हरला. आणि बाळ्या तर जिंकत होता.

गजाभाऊ गुहागरकडचे. फौजेत पलटणीसाठी बॉक्सिंग खेळले आणि नाकाचा मूळ आकार तिथेच ठेवून आले. सौदीतल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या कामावर ते परांच्या बांधणाऱ्यांचे फोरमन होते आणि मी स्टोअरकीपर. सिटी म्हणजे तेव्हा एका बाजूला समुद्र, एका बाजूला वाळू आणि मध्ये आम्ही. सुट्टीच्या दिवशी माणसं खाटेवर पडून छताकडे बघत राहायची. गजाभाऊंना ते बघवेना. त्यांनी माझ्याकडून बाद झालेले पाइप मागून घेतले आणि मेसमागे रिंग उभी केली. पाइप बाद झालेले होते, असं मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं, आजही सांगतो.

रोज सकाळी सहाला ते चहाचा पेला घेऊन परांचीखाली उभे राहायचे आणि चढणाऱ्यांची फक्त पावलं बघायचे. कुणाचा तळवा टेकण्याआधी फळी चाचपतोय असं दिसलं, की तो गडी दिवसभर खाली. मग त्याला ताप असो, झोप झालेली नसो, की घरून वाईट फोन आलेला असो. "तोंड खोटं बोलतं रे, पाऊल नाय बोलत," असं म्हणायचे. एका मल्याळ्याचं पाऊल बघून त्यांनी त्याला मुलगी झाल्याचं सांगितलं होतं. घरून फोन नंतर आला. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण त्यांच्या हाताखालचा एकही माणूस वरून पडला नाही, हे मात्र जसंच्या तसं घ्या.

"फळी हलली की आधी माणूस उतरवायचा. विचार खाली आल्यावर करायचा." हे त्यांचं वाक्य कामावर दिवसातून दहादा ऐकू यायचं, रिंगमध्ये वीसदा.

बाळ्या म्हणजे संगमेश्वरकडचा बाळकृष्ण. चोवीस वर्षांचा, काटक, आणि डावा हात असा, की तो उचलला की समोरच्याने आपणहून खाली बसावं. गजाभाऊंनी त्याला दोन वर्षं घडवला होता. आमच्या साइटवरच्या गोऱ्या सेफ्टी ऑफिसरने त्याला पाहिलं आणि बिलायतेतल्या आपल्या मेहुण्याला कळवलं. मेहुणा भांडवल शोधायला जेद्दाला येणारच होता, तो आमच्याकडेही आला. कॅम्पाने त्याचं बारसं केलं, मेहुणेसाहेब.

हे गृहस्थ बॉक्सिंगच्या लढती भरवणारी नवी कंपनी काढत होते. मेसच्या बाकावर बसून त्यांनी आम्हाला ब्रिटिश बॉक्सिंगचं भविष्य सांगितलं, मी गजाभाऊंसाठी मराठीत करत होतो. तिकडे दोन-चार जुन्या धेंडांनी सगळा खेळ मुठीत ठेवलाय. लढती पैसे भरायच्या चॅनेलांवर गेल्या, गावोगावचे हॉल ओस पडले. आपण दर आठवड्याला छोट्या हॉलमध्ये लढती लावणार, इंटरनेटवर दाखवणार. तिथल्या गावांत देशोदेशीची माणसं राहतात; त्यांना त्यांचा माणूस रिंगमध्ये दिसला की हॉल भरणार. दहा वर्षांनी ब्रिटिश बॉक्सिंग कुणी ओळखणार नाही. बाळ्या लढणार, गजाभाऊ त्याच्या कोपऱ्यात. बाळ्याने त्या दिवशी रोट्या किती खाल्ल्या ते त्यालाच कळलं नाही.

गजाभाऊंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "साहेबांना विचार, कोपऱ्यातला माणूस कोणाचा? गड्याचा की कंपनीचा?"

मी विचारलं. मेहुणेसाहेब हसले आणि म्हणाले, अर्थात कंपनीचा. गजाभाऊंनी पंचा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. नाही म्हणाले नाहीत. पोराचं भलं होतंय तर कशाला मध्ये यायचं, असं मला नंतर म्हणाले.

शुक्रवारची लढत ही परीक्षा होती. चार फेऱ्या, समोर रोडेल नावाचा फिलिपिनो वेल्डर. तीन फेऱ्या बाळ्याने त्याला अक्षरशः धुतला. तिसरीच्या शेवटी रोडेलचा एक ठोसा बाळ्याच्या कानशिलाला चाटून गेला. मी पाहिला नाही, साहेबांनी पाहिला नाही, गजाभाऊंनी पाहिला. मधल्या मिनिटात गजाभाऊंनी विचारलं, बरा आहेस ना? बाळ्या म्हणाला, एकदम. चौथीत तो पुन्हा तुटून पडला. एक मिनिट उरलं होतं. मेहुणेसाहेब टाळ्या वाजवत उठले होते. तेवढ्यात पंचा पडला.

साहेब दहा मिनिटं ओरडले. जिंकणारा माणूस थांबवतो तो धंद्याला निरुपयोगी, लोक शेवटच्या मिनिटासाठीच तर येतात. आणि असा गुरू असलेला गडीही नको. गाडीचं दार एवढ्या जोरात लागलं की वाळूत खड्डा पडला. बाळ्याने आईची शपथ घेऊन सांगितलं की मला काहीही झालं नव्हतं.

संध्याकाळी मीही विचारलं. एक मिनिट तर राहिलं होतं, गजाभाऊ.

"फळी चाचपत होता," ते म्हणाले.

पुढचे आठ दिवस त्यांनी बाळ्याला वर चढू दिलं नाही, खाली क्लॅम्प निवडायला बसवलं. बाळ्याने ते मुकाट्याने केलं आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. एका मेसमध्ये, एका बसमध्ये, समोरासमोर दोन वर्षं, अवाक्षर नाही. बाळ्या रिंगकडे परत फिरकला नाही. हळूहळू कुणीच फिरकेना. पाइप माझ्याकडे परत आले.

मेहुण्याची कंपनी मात्र चालली. सेफ्टी ऑफिसरने एकदा तिकडच्या पेपरातला फोटो आणून दाखवला. भरलेला हॉल, दिवे, घानाचा का कुठला एक पोरगा दोन्ही हात वर करून उभा. बाळ्याने फोटो पाहिला आणि जेवण अर्धवट टाकून उठला. गजाभाऊ तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत होते.

"कोपरा फोटोत येत नाय," एवढंच म्हणाले. मग मला हळूच विचारलं, "मी चुकलो असेन काय रे?"

मी आयुष्यभर थापा मारल्या. त्या दिवशी एक मारायला हवी होती, सुचली नाही.

बाळ्या नंतर काम बदलून जेद्दाच्या बंदरावर गेला. निघताना सगळ्यांना भेटला, गजाभाऊंची खाट सोडून. त्याच वर्षी एका सकाळी बसच्या रांगेत उभे असताना गजाभाऊ खाली बसले ते उठलेच नाहीत. कफीलची, म्हणजे तिथल्या जामीनदार मालकाची सही, दूतावासाचा कागद, पोलिसांचा कागद, असं करत त्यांना गुहागरला पोहोचायला तीन आठवडे लागले. त्यांची ट्रंक मी आवरली. दोन लुंग्या, बायकोची पत्रं, आणि पेपरातला तो फोटो, घडी घालून ठेवलेला.

बाळ्याला कळवायला मी जेद्दाला फोन लावला. गजाभाऊ गेले, म्हटलं. पलीकडे क्रेनचा आवाज येत होता. मी म्हणालो, बाबा रे, आता तरी राग सोड त्यांच्यावरचा.

"राग कसला," बाळ्या म्हणाला. "मला त्या दिवशी दोन रोडेल दिसत होते."