कॅसेटवरच्या मोकळ्या जागेत

आधीच सांगते, म्हणजे खाली उगाच वाद नकोत. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. ठेवणाऱ्यांशी भांडणाऱ्यांतली आहे. नगरला कॉलेजात असताना चर्चच्या तरुण संघातर्फे मी भर बाजारात पत्रकं वाटलीत — 'भूत दाखवा, मग बोला'. ताईत विकणाऱ्यांशी भांडले. आणि आमच्याच काही मंडळींच्या सभांत पोरीबाळींचे केस धरून 'भुतं काढणारे' पाळक येतात ना, त्यांच्याशी तर जास्तच भांडले. मेलेलं माणूस प्रभूजवळ असतं, ते परत येत नाही, विषय संपला — हे मी माईकवर ठणकावून सांगायचे. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण घडलं ते घडलं.

२००३ सालचा ऑक्टोबर. जर्मनीत नेकारसुल्मजवळ, द्राक्षमळ्यांच्या उताराखाली एक खेडं आहे. तिथे मिशनऱ्यांना ट्रेनिंग देणारं एक जुनं घर होतं. थायलंडच्या उत्तरेला डोंगरातल्या मुलींच्या वसतिगृहात काम करायला जायचं म्हणून मी तिथे दाखल झाले होते. माझा सख्खा दादा नेकारसुल्ममध्येच, कारच्या कारखान्यात इंजिनीअर. त्याला माझं हे मिशन मुळीच मान्य नव्हतं. स्टेशनवरून घरी नेताना पूर्ण रस्ताभर टोमणे. नगरची पोरगी जर्मनीत येऊन थाय शिकणार, सुधारायला मराठी माणसं संपली का, वगैरे.

थाय शिकवायला मालीबाई येत. थायमध्ये शिक्षकाला 'आजान' म्हणतात — म्हणजे आपला आचार्यच — म्हणून आम्ही सगळे त्यांना आजान म्हणायचो. पन्नाशीच्या, बुटक्या, लग्न होऊन कधीकाळी जर्मनीत आलेल्या, आता एकट्या राहणाऱ्या. एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांची शिकवण्याची पद्धत अशी, की पहिले काही दिवस पुस्तक नाही, लिहिणं नाही, वाक्याचा अर्थसुद्धा नाही. नुसतं ऐकायचं आणि तस्संच म्हणायचं. मी अर्थातच भांडले. अर्थ न कळता पोपटपंची करायला मी काय लहान बाळ आहे का, असं विचारलं. आजान शांतपणे जर्मनमध्ये म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. बाळच आहेस."

प्रत्येकाला त्या घरी बसून वेगळी कॅसेट भरून देत. एक वाक्य, मग मोकळी जागा, मग पुढचं वाक्य. मोकळ्या जागेत आपण ते वाक्य म्हणायचं. मी वॉकमन लावून दुपारच्या उन्हात मळ्यांमधून चालायचे आणि मोठमोठ्याने बोलायचे. द्राक्षं तोडणारे लोक हसायचे.

त्या कॅसेटवर एक वाक्य पुन्हा पुन्हा येई — 'किन खाव रू यंग?' आणि दर वेळी त्याच्यामागच्या मोकळ्या जागेत एक लहान मुलगी बोलायची. जरा दुरून... दुसऱ्या खोलीतून बोलावं तसं. मला वाटलं, आजानची मुलगी असणार, आम्हाला म्हणून दाखवायला बसवली असेल. तिचा आवाज इतका गोड होता की मी आजानऐवजी तिचीच नक्कल करायला लागले. तोच सूर, शेवटी तेच थोडंसं कंटाळल्यासारखं लांबवणं.

एके दिवशी वर्गात आजाननी माझ्याकडे बघून वाक्य टाकलं, "किन खाव रू यंग?"

मी लगेच म्हटलं, "किन लॅव खा, मॅ."

आजान थांबल्या. हातातला कप तसाच राहिला. त्यांनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, तुमच्या मुलीने, कॅसेटवर.

त्यांनी कोट उचलला आणि वर्ग अर्धा टाकून निघून गेल्या. मग शेजारच्या जर्मन मुलाने मला कानात सांगितलं, की त्यांना एकच मुलगी होती, नोई, आणि ती नऊ वर्षांची असताना आजारपणात गेली.

बातमी घरभर झाली. आमच्या प्रमुखांनी बोलावून घेतलं. चांगले गृहस्थ, पण म्हणाले, हे शत्रूचं काम आहे, कॅसेट नष्ट कर. शत्रू म्हणजे सैतान. तोवर मला त्या वाक्यांचा अर्थ कळला होता. आई विचारते, 'जेवलीस का?' आणि मुलगी सांगते, 'जेवले गं, आई.' माझं डोकंच फिरलं. मी सरळ विचारलं, "सैतानाला दुसरे उद्योग नाहीत का? आईला 'जेवले' म्हणून सांगत बसेल?"

कॅसेट घेऊन दादाकडे गेले. म्हटलं, तू इंजिनीअर, तू सांग. त्याने चांगले हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली. मग हेडफोन माझ्या कानाला लावले. मला ती ऐकू येत होती. स्पष्ट.

"तुला मुलगी ऐकू येते?" तो म्हणाला. "मला मागे फ्रीजची घरघर ऐकू येते."

पण या वेळी टोमणा मारताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी उपासनेनंतर आजाननी घरी बोलावलं. छोटंसं स्वयंपाकघर, टेबलावर टेपरेकॉर्डर, भिंतीवर दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो. त्यांनी कॅसेट लावली. वाक्य आलं, मग मोकळी जागा आली. त्या कान देऊन बसल्या होत्या... काही नाही. पुन्हा लावली. मला ऐकू येत होतं आणि त्यांना नाही. मग त्यांनी टेपकडे बघणं सोडलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागल्या. तिथे दिसेल तेवढं तरी, असं.

नोईला थाय सगळं कळायचं, त्या म्हणाल्या. पण उत्तर जर्मनमध्ये. माझी भाची रियाही अशीच, वहिनी मराठीत विचारणार आणि ती जर्मनमध्ये फटकन सांगणार, त्यामुळे ते मला समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी हॉस्पिटलात नोई काही खातच नव्हती. आजान रोज विचारायच्या, किन खाव रू यंग? ती भिंतीकडे तोंड करून जर्मनमध्ये म्हणायची, भूक नाही. शेवटचं बोलणं तेच.

"तिने मला कधी 'मॅ' म्हटलं नाही," आजान म्हणाल्या. "'मामा'च म्हणायची, इथली मुलं आईला म्हणतात तसं."

मग त्यांनी टेप बंद केला आणि स्वतःच विचारलं, वर्गातल्या आवाजात नाही, आईच्या आवाजात, "किन खाव रू यंग?"

मी सकाळपासून उपाशी होते. काय बरोबर, काय चूक, माझी सगळी पत्रकं त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे. मी उत्तर दिलं. तिच्या सुरात, शेवट लांबवून.

"किन लॅव खा, मॅ."

माझा प्रत्येक शब्द दहादा दुरुस्त करणाऱ्या आजान काही दुरुस्त करायला गेल्या नाहीत. बराच वेळ डोळ्यांवर टॉवेल धरून बसल्या. मग उठून भात वाढला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

त्या दिवसानंतर कॅसेटवर मलाही फक्त फ्रीजच ऐकू येतो. कॅसेट अजून माझ्याकडे आहे, खूपदा लावून बघितली. ताणामुळे भास झाला, असं कोणी म्हणेल. मग मला थाय येत नसताना ते उत्तर माझ्या तोंडी आलं कुठून? भूत होतं, असं मी अजूनही म्हणणार नाही. दुसरं काय म्हणू, तेही सुचत नाही.

आता मी थायलंडमध्येच असते. इथे भेटेल तो 'जेवलीस का' विचारतो, आणि दिवसातून कितीदा तरी 'जेवले' म्हणावं लागतं. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी परवा म्हणाल्या, तुझं बाकीचं बोलणं परदेशी बाईचं आहे, मग हे एवढंच लहान मुलीसारखं का बोलतेस?

मी खूप प्रयत्न केला. ते मोठं होत नाही.