सुनेचं बोलणं आणि मामाजींचे कान

“कानाची टेस्ट कायले मॅडम? बाबाच्या डोक्यातच फरक पडला,” गजानन म्हणाला. त्याचे वडील तुळशीरामजी शेजारी बसून भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते.

मी ऑडिओलॉजिस्ट. कानाला किती ऐकू येतं ते तपासते, लागलं तर मशीन बसवते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आईला अजून वाटतं, मी लोकांच्या कानातला मळ काढते. अमरावतीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तुळशीरामजींना आधी माझ्याकडे धाडलं होतं. स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी माणसाला ऐकू येतं का ते पाहायचं, हा त्यांचा शिरस्ता.

घरचं मात्र ठरून गेलं होतं. चांदूर बाजारजवळची संत्र्याची बाग ठेक्यानं द्यायची आणि बाबांनी घरी बसायचं.

“काय काय विसरतात?”

“पान्याची मोटार बंद करा सांगतलं, करत नाई. पाहुणे येनार सांगतलं, तरी बागेत निघून जाते.”

“सांगतं कोण?”

“वंदनाच. मी तं दुकानात असतो.”

वंदना म्हणजे सून. दाराशी उभी, डोक्यावर पदर, मान खाली. ती काहीतरी बोलली. ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

तुळशीरामजींना आवाजबंद खोलीत बसवून हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजांना त्यांनी पटापट दाबलं. बारीक, उंच पट्टीचे आवाज सुरू झाले आणि बोट थांबलं. उतारवयात बहुतेकांचं असंच होतं, आधी बारीक आवाज जातात. मुलाचा घोगरा आवाज पोचत होता, सुनेचा नाही. ओठांवरून अंदाज घ्यावा, तर सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलायची त्या घरात रीत नाही.

मी समोर बसून मोठ्यानं विचारलं, “बाग कशी आहे?”

कोणत्या ओळीत डिंक्या रोग आला, कोणतं झाड यंदा फुललंच नाही, सगळं त्यांनी सांगितलं. मग मुलाकडे वळले. “मंग मी विसरतो असं काहून म्हनतं रे?”

गजाननानं वंदनाकडे पाहिलं.

स्मरणशक्ती ठणठणीत आहे, असं मी म्हटलं नाही. ते डॉक्टर ठरवणार. एवढं सांगितलं, की ऐकू येईनासं झालं, की माणूस बोलणं टाकतो, एकटा पडतो, आणि मेंदूला तेच बाधतं. मशीन ही हमी नाही, मदत आहे. बाग काढून घेणं हा तर उलटा इलाज.

“आणि वंदनाताई, यांच्याशी समोर बसून, चेहरा दिसेल असं बोलायचं.”

“मामाजीसमोर? लोकं काय म्हनतीन?”

मी ते मोठ्यानं तुळशीरामजींना सांगितलं. ते हसले. “बोल बाई. लोकाइचं मले तसंबी ऐकू येत नाई.”

काही महिन्यांनी ते कानातलं मशीन तपासायला आले, पिशवीभर संत्री घेऊन. डॉक्टरांनी पुन्हा चाचणी घेतली होती. थोडं विसरणं होतं, पण घरी बसवावं असं काही नव्हतं. बाग त्यांच्याकडेच राहिली.

“मामाजी मशीन काढून ठेवते मॅडम,” वंदना मान वर करून म्हणाली.

“वंदना दिवसभर बोलते,” ते म्हणाले.

आता कोणी ‘आमचे म्हातारे विसरतात’ म्हणत आलं, की मी तपासणी सुरू करण्याआधी विचारते, सांगतं कोण, आणि कुठं उभं राहून?