सरकीतलं नाव
भिजवलेल्या सरकीचा वास आला की धरणगावजवळच्या आमच्या गावातली सारवलेली ओसरी आठवते. गावात मुलींची शाळा नव्हती, म्हणून आत्या मला घरीच सरकीचे दाणे मांडून अक्षरं शिकवायची. आखाजीच्या सणापर्यंत वाचता आलं तरच धुळ्याच्या शाळेत धाडीन, असं माझ्या आजोबांनी, आबांनी, बजावलं होतं. सणाच्या सकाळी आत्यानं ओसरीवर आबांचंच नाव मांडलं आणि ती त्यांना बोलवायला गेली. तेवढ्यात दावं तोडून आलेल्या वासरानं ते नाव चाटूनपुसून खाल्लं. "पोरी, तुन्ही परीक्षा वासरूनी खाई टाकी!" आबा पोट धरून हसले. मला असा राग आला की टोपलीतली मूठभर सरकी घेऊन मी तेच नाव पुन्हा मांडलं. आबांना अक्षर येत नव्हतं, पण कापसाच्या गोण्यांवर रंगवलेलं आपलं नाव ते ओळखायचे. त्यांचं हसू थांबलं. "हाई ते मन्हं नाव शे," ते हळूच म्हणाले, "इले शाळामा धाडा." आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. आता लेकीला घरी शिकवताना मीही सरकीच मांडते. वासरू नाही, म्हणून अक्षरं मीच विस्कटते; ती चिडते, आणि स्वतः मांडायला बसते.