माझा पायगुण आणि जबलपूरचा सामना

गुरुवारी संध्याकाळी जबलपूरहून मिलिंदचा फोन आला. "रविवारी मॅच आहे. जमलं तर ये." एवढं बोलून त्याने फोन ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला.

मिलिंद माझा नवरा. एकेकाळचा फुटबॉलपटू, आता फुटबॉल संघाचा मॅनेजर. फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे हिशेब बघणारा नव्हे. संघ निवडणारा, डावपेच आखणारा आणि संघ हरला की सगळ्यांत आधी घरी पाठवला जाणारा. जबलपूरच्या अधारतालमध्ये वाढलेला हा मुलगा स्टॉपर (गोलकीपरच्या पुढे उभा राहणारा राखणदार) म्हणून आधी नागपूरला खेळला, मग कोलकात्याला, मग गोव्याला. गुडघा गेला तेव्हा खेळणं सुटलं आणि खेळवणं सुरू झालं. त्याने सांभाळलेला प्रत्येक क्लब आधीच्यापेक्षा थोडा लहान निघाला आणि असं करत करत तो स्वतःच्याच गावातल्या क्लबात येऊन पोहोचला. मी नागपुरात शाळेत विज्ञान शिकवते. आमचा संसार बहुतेक फोनवरच झाला.

आता गोळा का आला ते सांगते. मिलिंदच्या संघाचे सामने मी मैदानात बसून मोजकेच पाहिलेत. एक मडगावला, एक बारासातला, एक कोझिकोडला. तिन्ही वेळा संघ हरला आणि तिन्ही वेळा पाठोपाठ मिलिंदची नोकरी गेली. बोलावलं होतं त्यानेच, तेव्हा दोषही त्याचाच, असं मी हसत हसत सांगायचे. पण कोझिकोडला त्याचा सहाय्यक म्हणाला, "भाभी, आप घर से ही देखा कीजिए," आणि तेव्हापासून हसू येईनासं झालं. आमच्या लग्नात कुणी पायगुण पाहिला नव्हता. दोन्ही घरं बौद्ध, असल्या गोष्टी आमच्याकडे आधीच्या पिढीनेच सोडून दिलेल्या. शिवाय मी वर्गात घसा कोरडा करून सांगते की एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. तीच बाई आता स्वतःच्या पायांना घाबरत होती.

शनिवारी सकाळी बस धरली. खवासा ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेंचचं जंगल सुरू होतं. सागाची पानं गळायला लागली होती. शेजारी पुण्याचा एक तरुण बसला होता, बँकेतर्फे नुकताच जबलपूरला बदली झालेला. मराठी बोलणारं कुणीतरी भेटलं म्हणून तो खुशीत होता.

"उद्या मॅच बघायला जाणार आहे मी," तो म्हणाला. "लीगचा शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी चालेल, पण हरले तर संघ खालच्या गटात जाणार. कोच मराठीच आहे म्हणे. हरला तर त्याची सुट्टी नक्की."

"असं का?" मी म्हटलं, आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी त्या कोचची बायको आहे हे सांगायला जीभ रेटेना. सिवनीला बस थांबली तेव्हा त्याने मला आग्रहाने चहा पाजला.

उतरती उन्हं असताना तिलवारा घाटाचा पूल आला. खाली नर्मदा, संथ आणि रुंद. बसमधल्या सगळ्यांनी हात जोडले, कुणी खिडकीतून नाणी टाकली. मी एरवी नुसती बघते. त्या दिवशी माझेही हात जुळले, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मी इकडेतिकडे बघून घेतलं.

अधारतालच्या घरी सासूबाई दारातच वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसल्या होत्या. थंडीत पनागरहून ताज्या शेंगा येतात आणि अख्खा मोहल्ला सोलायला बसतो.

"काहून (का) गं, एवढी उतरली? बस लागली का?"

"नाही हो आई. काळजी."

"अच्छा, म्हणजे तू बी! तो एक जेवून नाही राहिला, आता तू चालू कर." त्यांनी एक ओंजळ शेंगा माझ्यापुढे ढकलल्या. "चलो, हात चालव. बरं वाटते."

मी शेंगा सोलत सोलत पायगुणाचं बोलून टाकलं. त्या थांबल्या. "शाळेत हेच शिकवून राहिली का पोरांना? पोरं खेळतात त्यांच्या पायानं. तुझ्या पायाचा काय संबंध?"

संबंध नाही हे मलाही पटत होतं. भीती मात्र जागची हलत नव्हती. मिलिंद आला तेव्हा आम्ही मटारची उसळ वाढून त्याची वाट बघत होतो. केस आणखी पिकले होते. मैदानात उतरताना आधी उजवा पाय टाकणारा, जिंकताना घातलेला शर्ट पुढच्या हरण्यापर्यंत न बदलणारा हा माणूस मला बघून इतका खूश झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"अरे, मी खरंच येऊ उद्या?" मी विचारलं. मी त्याला अरेतुरे केलं की सासूबाई अजूनही भुवया चढवतात.

"ये ना. त्याच्यासाठीच तर बोलावलं."

रविवारी दुपारी तो पुढे गेला. मी सासूबाईंना शेजारच्यांच्या गाडीत बसवलं आणि जलेबी घेऊन मागून येते असं सांगून चक्क पळ काढला. ऑटोवाल्याला म्हटलं, "भैया, कमानिया गेट." मैदान दुसऱ्या टोकाला, पनागरच्या रस्त्यावर. माझे पाय तिथे पोहोचलेच नाहीत तर बिचारे खेळतील तरी सुखाने, असा माझा विज्ञानशिक्षिकेचा हिशोब.

कमानिया गेटच्या कमानीखाली रिक्षा, हातगाड्या आणि बर्तनवाले यांची एकच झुंबड असते. त्यात खोवा जलेबीची दुकानं आहेत. ही जलेबी आपल्या जिलबीसारखी पिवळी, कुरकुरीत नसते. खव्याची असते, जाड आणि काळपट तपकिरी, गुलाबजामच्या चवीची. मी एक तोंडात घातली, पण घास तोंडातच फिरायला लागला.

"दीदी, अच्छी नहीं लगी क्या?" हलवाई दुखावला.

"बहुत अच्छी है भैया. मन ठिकाने पर नहीं है." मी एक डबा बांधून घेतला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मागे आरडाओरडा चाललेला. "कुठं आहेस तू? आपला गोल झाला! एक-शून्य! हाफ टाइम झाला आता. तो सारखा स्टँडकडं पाहून राहिला, माझ्या बाजूची खाली खुर्ची पाहून राहिला."

मी तिथेच उभी राहिले. न जाण्यानेच गोल झाला, हे तर उघडच होतं. पण रिकाम्या खुर्चीकडे बघणारा मिलिंद डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मी ऑटोत बसले आणि वाटभर डबा छातीशी धरून स्वतःला शिव्या घातल्या.

मैदानावर पोहोचले तेव्हा खेळ पुन्हा रंगला होता. मी आत न जाता फाटकापाशी भिंतीला टेकून उभी राहिले, अर्धी आत, अर्धी बाहेर. मिलिंद रेषेजवळ उभा होता. त्याने वळून पाहिलं, मी दिसले, आणि त्याने हात वर केला. मग आत जावंच लागलं. सासूबाईंशेजारी बसते न बसते तोच आमच्या गोलपुढे गर्दी झाली, चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि जाळीत गेला. एक-एक. बरोबरीही चालणार होती. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. अगदी शेवटी शेवटी समोरच्या संघाचा एक उंच पोरगा आमच्या दोन्ही स्टॉपरांच्या मधून निघून गेला. मी डोळे मिटून घेतले, गोल पाहिला नाही, फक्त मैदानावर पसरलेली शांतता ऐकली.

क्लबच्या अध्यक्षांनी मिलिंदशी हात मिळवला, खांद्यावर थोपटलं आणि दोन वाक्यं बोलून ते गाडीकडे गेले. मिलिंद बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मी जाऊन शेजारी बसले आणि मला रडूच फुटलं.

"मी यायलाच नको होतं. मी नव्हते तोवर जिंकत होतात तुम्ही. मडगावलाही तसंच, बारासातलाही."

तो बघतच राहिला. "हे डोक्यात घेऊन बसली होतीस तू? एवढी वर्षं?"

"मग काय समजू? मी आले की तू हरतोस."

"उलटं आहे गं," तो म्हणाला. "हरणार असं वाटते तेव्हाच मी बोलावतो तुला. आपला मोठा स्टॉपर गुरुवारी सकाळी लंगडत आला. मी जिंदगीभर त्याच जागेवर खेळलो, मला तेव्हाच दिसून गेलं. मग फोन केला. हरून एकट्यानं घरी जाणं मला नाही जमत." नाड्यांशी चाळा करत तो थोडा हसला. "पहिला गोल झाला तेव्हा वाटलं, उगाच बोलावलं बिचारीला."

मला त्याचा राग आला. इतकी वर्षं ही गोष्ट त्याने सांगितली नाही म्हणून आला, आणि मी विचारली नाही म्हणून माझाही आला. मग तो राग तिथेच विरला. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मांडीवरचा डबा उचलला, उघडला आणि म्हणाल्या, "चलो, खा आता दोघं. थंडी जलेबी कोण खाते?"

दोन दिवसांनी आम्ही परत निघालो. मिलिंदची बॅग वरच्या फळीवर मावेना, म्हणून तो ती पायांशी घेऊन बसला. तिलवाऱ्याच्या पुलावर लोकांनी हात जोडले. आम्ही दोघंही नुसती नदी बघत राहिलो.

"कधी जिंकणार असशील तेव्हाही बोलाव," मी म्हटलं.

"तेव्हा खूप लोक असतात गं," तो म्हणाला.

दुसरा क्लब मिळेल की नाही, हे दोघांनाही माहीत नव्हतं आणि अजूनही नाही. पण मिळालाच, तर पुन्हा एखाद्या संध्याकाळी फोन येईल, "जमलं तर ये," आणि माझ्या पोटात गोळा येईल. पूर्वीपेक्षा मोठाच येईल, कारण आता त्या तीन शब्दांचा अर्थ मला कळला आहे.

नागपूरला घराचं कुलूप काढलं. मैदानात आधी उजवा पाय टाकणारा मिलिंद बॅग घेऊन उंबऱ्याबाहेर थांबला होता.

"जा ना आत," मी म्हटलं.

"तू आधी," तो म्हणाला.